खिळ्यांमधले अंतर

जेवणाचे टेबल जवळजवळ तयार झाले होते. जुन्या बर्मा सागवानाच्या चार फळ्या काळ्या लोखंडी सांगाड्यावर अजून नुसत्याच टेकवून ठेवल्या होत्या, पॉलिशचा पहिला हात द्यायचा होता, आणि वसईतल्या आमच्या कार्यशाळेत सागवानाच्या भुशाचा तो किंचित तेलकट, चामड्यासारखा वास भरून राहिला होता. ज्यांच्यासाठी टेबल करीत होतो त्या बाई ते पाहायला आल्या. त्यांनी तळहात फळ्यांवरून सावकाश फिरवला, तीन फळ्यांवर ओळीने आलेली खिळ्यांची जुनी भोके आणि त्यांच्या भोवतीचे निळसर काळे डाग बोटाने चाचपून पाहिले, आणि हे फार आवडले असे मनापासून सांगितले. मग चौथ्या फळीकडे पाहून त्या म्हणाल्या, "ताई, ही एकच फळी कोरी राहिली आहे. हिच्यावरही तशीच भोके पाडून द्याल का? म्हणजे सगळे सारखे दिसेल." मी विचार करून सांगते म्हटले. त्या गेल्यावर मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला आणि सरळपणे विचारले, "मारतो ना ताई, त्यात काय? फक्त किती अंतरावर मारू तेवढे सांगा."

किती अंतरावर, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण त्या तीन फळ्यांवरच्या भोकांमधले अंतर कोणी ठरवलेले नव्हते, ते आपोआप ठरले होते. गिरगावातल्या एका जुन्या, लाकडी सांगाड्याच्या इमारतीत त्या फळ्या वरच्या मजल्याची तक्तपोशी होत्या. खाली कड्या, म्हणजे ओळीने बसवलेल्या बारीक तुळया, कड्यांवर आडव्या फळ्या, आणि प्रत्येक फळी प्रत्येक कडीला खिळ्यांनी ठोकलेली. त्यामुळे फळीवर जिथे भोकांची जोडी दिसते तिथे खाली कडी होती, आणि दोन जोड्यांमधले सव्वा फुटाचे अंतर म्हणजे दोन कड्यांमधले अंतर. लोखंडाला वर्षानुवर्षे दमट हवेत गंज चढतो, सागवानातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याचा संयोग होतो आणि लाकडात तो निळा-काळा डाग उतरतो, जो कितीही रंधा मारला तरी पुरता जात नाही. चौथी फळी कोरी होती, कारण ती तक्तपोशीतली नव्हतीच. ती एका जाड तुळईच्या गाभ्यातून आम्ही चिरून काढली होती. तुळईच्या बाहेरच्या अंगाला खिळे होते, चुन्याचे थर होते, एका बाजूला धुराची काजळी होती. पण आत, जिथे शंभराहून अधिक वर्षे उजेड पोहोचला नव्हता, तिथे लाकूड मधासारखे सोनेरी निघाले. तिच्यावर सव्वा फुटावर भोके पाडली असती तर तिच्याखाली कधी नसलेल्या कड्या आम्ही तिच्या नावावर लिहिल्या असत्या.

हे लाकूड मुंबईत कसे आले याचा विचार केला की मन एका जागी राहत नाही. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली आणि ब्रह्मदेशातल्या जंगलातला सागवान हा तिचा मुख्य व्यवसाय झाला. ओला सागवान पाण्यावर तरंगत नाही, म्हणून झाड उभे असतानाच त्याच्या बुंध्याभोवती खोल खाच पाडून ते मारायचे आणि दोन-तीन वर्षे तसेच जागेवर वाळू द्यायचे. मग ते पाडून हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढवायचे, पावसाळ्यात पूर आला की ओंडके वाहून मोठ्या नदीला लागायचे आणि तिथून तराफे बांधून बंदराकडे जायचे. याच कंपनीने कर चुकवल्याचा आरोप ठेवून मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला, आणि ते निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशाशी तिसरे युद्ध पुकारून उरलेला ब्रह्मदेशही घेतला. तिथल्या राजा थिबाला पदच्युत करून रत्नागिरीला आणून ठेवले, आणि तिथेच १९१६ साली त्याचा अंत झाला. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. लहानपणी थिबा पॅलेसच्या आवारात हुंदडताना त्या राजाचा आणि आमच्या मुंबईच्या खोलीवरच्या तुळयांचा काही संबंध असेल असे मनात येण्याचे कारण नव्हते. आता एखाद्या तुळईला करवत लावताना तो संबंध मला टाळता येत नाही. ज्या जंगलांसाठी राज्य गेले त्या जंगलांतले लाकूड मुंबईच्या चाळींच्या माळ्यांना आधार देत राहिले, आणि ज्याचे राज्य गेले तो कोकणातल्या टेकडीवरून समुद्र पाहत राहिला. म्यानमारने २०१४ च्या एप्रिलपासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्या जुन्या, दाट वलयांच्या झाडांचे लाकूड आज पाहायचे असेल तर पडणाऱ्या इमारतींकडेच जावे लागते.

आणि पडणाऱ्या इमारती पाहणे सोपे नाही. इमारत रिकामी झाली की तोडकामाचा ठेकेदार ती पाडण्याच्या हक्काचे पैसे उलट मालकालाच देतो, आणि दारे, चौकटी, तुळया, कड्या, लोखंडी गज, जिन्याचे कठडे विकून तो ते वसूल करतो. म्हणजे मी ज्या तुळईसाठी घासाघीस करते तिची किंमत लोक घराबाहेर पडण्याआधीच कोणीतरी मनात मांडलेली असते. एकदा मी ठेकेदाराच्या माणसाबरोबर अर्धवट पाडलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गेले होते. भिंतीवर देवघराच्या फळीचा चौकोनी ठसा होता, त्याच्याभोवती तेलकट पिवळसर झाक होती, आणि दाराच्या चौकटीवर मुलाची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. मी ती चौकट घेतली. तिचे काय करावे हे अजून ठरलेले नाही. कार्यशाळेच्या मागच्या भिंतीला ती टेकवून ठेवली आहे, आणि मिस्त्री अधूनमधून आठवण करून देतात की त्यात चांगले साडेसात फुटी लाकूड अडकून पडले आहे. माझ्या कामाला मी टिकाऊपणाचे काम म्हणते आणि तसे ते आहेही, परंतु शहराची घरे मोडत राहतात म्हणून माझा कच्चा माल येत राहतो ही गोष्ट मला स्वतःपासून लपवायची नाही.

माझे आजोबा लालबागच्या एका कापडगिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत विकत आणलेले सामान असे जवळजवळ नव्हतेच. भांड्यांची फळी गिरणीत सामान येई त्या खोक्यांच्या लाकडाची होती आणि तिच्या आतल्या बाजूला काळ्या शाईची इंग्रजी अक्षरे उलटी दिसत. सदरा अडकवायची खुंटी म्हणजे बाद झालेले लाकडी बाबीन, म्हणजे सूत गुंडाळायचे रीळ होते, हाताच्या वापराने इतके गुळगुळीत झालेले की अंधारातही ते चटकन सापडे. गावाकडेही हेच. जुने घर उतरवले की त्याचे खांब, वासे, दारे नव्या घरात जात. कुसू, म्हणजे सांध्यात शिरणारी लाकडाची जीभ, बसवण्याच्या जुन्या खाचा नव्या खांबावर भलत्याच ठिकाणी दिसत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. कोणते लाकूड आजोबांच्या आजोबांच्या घराचे आणि कोणते नंतरचे, हे ओटीवर बसलेली म्हातारी माणसे बोट दाखवून सांगत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि पुढे जे झाले ते गिरणगावातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आजोबा गावी परतले तेव्हा त्यांनी ती खोक्याची फळी सोबत नेली. ती आजही आमच्या पडवीत आहे.

त्यामुळे 'इंडस्ट्रियल' म्हणून जी शैली आज जिकडेतिकडे दिसते तिच्याकडे मला परक्यासारखे पाहता येत नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कारखाने आणि गोदामे ओस पडली, १९६० आणि ७० च्या दशकांत चित्रकार-शिल्पकार स्वस्तात मोठी जागा मिळते म्हणून तिथे राहायला गेले, आणि उघड्या विटा, उघडे पाइप, बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे खांब हे जसे होते तसेच त्यांनी ठेवले. ती आवड तिथून जगभर पसरली. फ्रान्समध्ये झाव्हिए पोशार यांनी १९३४ साली जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची खुर्ची केली, कारखान्यात आणि उघड्यावर वापरायला मजबूत आणि एकावर एक रचता येईल अशी. तिच्या नकला आज आपल्याकडच्या कॅफेंत सर्रास असतात. गिरणीच्या छपराला करवतीच्या दातांसारखा आकार असे आणि त्याची काच उत्तरेकडे असे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि तुटलेला धागा कामगाराला चटकन दिसतो. लोअर परळला आज अशा छपराखाली माणसे जेवायला बसतात. छप्पर वाचले याचा मला खराखुरा आनंद होतो. मात्र त्याखालची टेबले पुष्कळदा नवीन असतात. आंब्याच्या किंवा बाभळीच्या नव्या लाकडावर साखळीने मार देऊन, स्क्रू ठोकून काढून, गडद रंग पुसून ते जुने भासेल असे करतात, आणि पाय नव्या चौकोनी पाइपला काळा रंग मारून केलेले असतात. आंब्याच्या लाकडात काही कमी आहे असे मी म्हणत नाही; फळ देणे थांबलेल्या झाडाचे लाकूड वापरणे शहाणपणाचेच आहे, आणि ते स्वच्छ रंधून ठेवले तर त्याचा फिकट, मधूनच करडी रेघ ओढलेला पोत किती देखणा दिसतो. त्याला दुसऱ्या कोणाचे वय का चढवावे, हे मात्र मला समजत नाही.

जुन्या मालाशी खरोखर काम करू लागले की दिसण्याचा विचार मागे पडतो आणि माल स्वतःच अटी घालू लागतो. गिरण्यांतले आणि जुन्या छापखान्यांतले यंत्रांचे पाय बहुधा बिडाचे असतात. बिडात कार्बन दोन ते चार टक्के असतो, साध्या पोलादात तो पाव टक्क्याच्या आत असतो, आणि त्या फरकामुळे बीड भार उत्तम पेलते पण वाकत नाही, एकदम तडकते. नेहमीच्या पद्धतीने त्याला वेल्डिंग करायला जाल तर सांध्याच्या शेजारीच भेग जाते. म्हणून बिडाच्या पायांना आम्ही वेल्डिंगच्या वाटेला नेत नाही. यंत्राला जोडण्यासाठी त्यांत मुळातच भोके असतात, ती साफ करून त्यांतूनच नटबोल्ट घालतो, आणि टेबलाची उंची, कडेपासूनचे अंतर हे सारे त्या भोकांच्या जागेवरून ठरते. मुंबई बंदराजवळच्या दारूखाना भागात जहाजांच्या तोडीतले पत्रे मिळतात, ते जाड आणि मीठ खाल्लेले असतात. जुन्या पुलांच्या आणि शेडच्या पट्ट्यांवर रिव्हेटच्या गोल डोक्यांच्या रांगा असतात, वेल्डिंग रुळण्याआधीच्या काळातल्या. अशा पट्टीत नवे भोक पाडण्यापूर्वी मी रिव्हेटच्या रांगेकडे बराच वेळ पाहते, कारण भार कुठून कुठे जातो हे त्या माणसांनी आधीच गणिताने मांडून ठेवलेले असते.

लाकडाच्या अटी वेगळ्या आहेत. शंभर वर्षे वाळलेले लाकूड हलत नाही असे पुष्कळांना वाटते, परंतु लाकूड जोवर लाकूड आहे तोवर ते हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते. नऊशे मिलिमीटर रुंदीचा सागवानी पृष्ठभाग मुंबईच्या पावसाळ्यात आणि वैशाखात मिळून चार-पाच मिलिमीटर सहज पुढेमागे होतो, आणि खालचा लोखंडी सांगाडा मात्र जागचा ढळत नाही. दोघांना घट्ट जखडले तर फळी कुठेतरी फाटणार. म्हणून सांगाड्याच्या पट्टीत गोल भोकाऐवजी लांबट भोक पाडायचे, बोल्ट त्यात सरकू द्यायचा. हे भोक टेबलाच्या खाली असते, कोणाला दिसत नाही, आणि माझ्या मते साऱ्या टेबलातला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग तोच.

काही माल मी घेत नाही, आणि त्यावरून गिऱ्हाइकांशी माझे खटके उडतात. रेल्वेचे लाकडी स्लीपर दिसायला भव्य असतात, वजनदार, कडांना फाटलेले, मध्ये खिळ्यांच्या मोठ्या खोबणी; पण ते सडू नयेत म्हणून त्यांना क्रिओसोट हे डांबरापासून काढलेले तेल पाजलेले असते, ते आरोग्याला घातक आहे, आणि उन्हात त्याचा वास वर येतो. त्याचे जेवणाचे टेबल किंवा मुलांचा पलंग मी करणार नाही. जुन्या दारांवरच्या रंगात शिसे असते. आपल्याकडे रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ चा, अमलात आला २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगाचे थरावर थर चढलेले दार सुक्या पॉलिशपेपरने घासले तर ते शिसे धुळीतून घासणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. ओल्याने खरवडणे हळू आहे, किचकट आहे, महाग आहे. पर्यावरणाला जपणारे सामान म्हणून ते दार दिवाणखान्यात लावायचे आणि ते घासणाऱ्या मुलाच्या तोंडाला साधा रुमाल बांधलेला असायचा, हे मी काही ठिकाणी पाहिले आहे आणि ते पाहून मला संताप येतो. जुन्या वस्तूविषयी आस्था बाळगायची तर तिच्यावर आज ज्याचा हात फिरतो आहे त्याच्यापासून ती सुरू व्हायला हवी.

मिस्त्री गोरखपूरकडचे. उमेदीची सारी वर्षे त्यांनी जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात काढली, जिथे जुने लाकूड येते, उघडे होते, पुन्हा सामान होऊन जाते. त्यांची रीत अशी की आलेल्या प्रत्येक तुळईवरून आधी लोहचुंबक फिरवायचे. चुंबक कुठे अडखळला की खडूने गोल करायचा, पटाशीने तेवढेच टोकरायचे, आणि खिळा न वाकवता सरळ बाहेर काढायचा. हाताने घडवलेले चौकोनी खिळे निघाले की ते एका डब्यात जमा करतात. एक खिळा आत राहिला तर रंध्याच्या यंत्राचे पाते जाते, म्हणून ही काळजी, असे ते म्हणतात. पण नुसते पाते वाचवण्यापुरते उरकून टाकावे असे ते काम करीत नाहीत, हे मी पाहत आले आहे. तुळईच्या टोकाला भिंतीत बसणारा भाग असतो, तिथला रंग वेगळा, कधी वाळवीने खाल्लेला. दोन्ही टोकांचा तो भाग वजा केला की उरते ती खोलीची रुंदी. मिस्त्रींनी एकदा टेप लावून सांगितले होते, "दस फूट. चाळीचा माल आहे." सहा फुटांच्या टेबलासाठी त्या तुळईला करवत लावायची वेळ आली तेव्हा माझा हात थबकला. मग ते टेबल आम्ही केलेच नाही. तिच्यातून दहा फुटांचा एकसंध बाक केला, आणि तो एका वाचनालयाने घेतला. एवढा लांब बाक कोणाच्या घरात मावला नसता. सगळ्या तुळयांना असे नशीब मिळत नाही, आणि बहुतेक वेळा करवत चालवावीच लागते.

चंदीगढमध्ये वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५० च्या दशकापासून सरकारी कचेऱ्यांसाठी आणि महाविद्यालयांसाठी सागवानी खुर्च्या झाल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून गच्च्यांवर रचून ठेवल्या, भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या, आणि परदेशातल्या लिलावघरांत त्यांना प्रचंड किंमत आली. त्या किमतीने अनेक जण हळहळतात. मला त्यापेक्षा हे महत्त्वाचे वाटते की त्या खुर्च्यांवर रंगाने लिहिलेले कचेरीचे नाव आणि क्रमांक पुसू नयेत, असे घेणाऱ्यांनाच वाटू लागले. वस्तू कुठे होती, कोणाच्या बसण्यात होती, हे तिच्या अंगावर राहू द्यावे एवढी समज त्या बाजाराला पैशातून आली. आपल्याला ती त्याशिवायही येऊ शकते.

त्या बाईंना मी फोन केला आणि फळ्यांविषयी सगळे सांगितले. तक्तपोशी, कड्या, तुळईचा गाभा. त्यांनी शांतपणे ऐकले आणि भोके पाडू नका म्हणाल्या, परंतु कोरी फळी भिंतीच्या बाजूला ठेवा असेही म्हणाल्या. माझ्या मनात ती फळी मधे असावी असे होते. टेबल त्यांचे आहे, रोज त्यावर जेवणाऱ्या त्या आहेत, तेव्हा ती भिंतीकडे गेली.

आता आम्ही एक नवे टेबल मांडतो आहोत, शाळेच्या ग्रंथालयासाठी, आणि त्यात चिकटवायचा सरस नाही, वेल्डिंग नाही. प्रत्येक सांधा नटबोल्टचा किंवा कुसवाचा, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणाला हवे असेल तर नट फिरवायचे दोन पाने घेऊन अर्ध्या तासात ते सुटे करता येईल आणि लाकूड पुन्हा अखंड हाती लागेल. मिस्त्रींना हे पटलेले नाही. सरसाशिवाय सांधा कुरकुरतो असे त्यांचे म्हणणे, आणि मुले टेबलावर चढतात, तेही खरेच आहे. शेवटी आडव्या पट्टीच्या सांध्यात कुसवाला लाकडी पाचर मारायची असे ठरले आहे, ठोकून बाहेर काढता येईल अशी. पाचर शिसवीची की सागवानाचीच यावर अजून एकमत नाही. फळ्यांच्या खालच्या बाजूला कोणते लाकूड कुठल्या भागातून आले ते आम्ही कोरून ठेवणार आहोत, आणि ती अक्षरे मिस्त्री देवनागरीत कोरणार आहेत. त्यासाठी त्यांनी बारीक पटाशीला कालच धार लावून घेतली.